मंत्रिमहोदय, तापलेल्या मिथेनच्या रेषा कोण मोजणार?

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

उष्ण मिथेनच्या वर्णपटमापनासाठी, म्हणजे तापलेला मिथेन कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो हे मोजण्यासाठी, मंजूर झालेल्या अनुदानाचा दुसरा हप्ता यंदाही आला नाही. दूरच्या ग्रहांच्या हवेतले वायू ओळखायला ही मोजमापे लागतात. ‘विषय तातडीच्या उपयोगाचा नाही’, एवढे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहोत.

जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 2022 मध्ये वास्प-39बी या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड सापडला, तो 4.3 मायक्रॉन तरंगलांबीजवळच्या प्रकाशाच्या शोषणावरून. ते शोषण कोणत्या वायूचे, हे दुर्बीण सांगत नाही. ते रेणूंच्या रेषांची यादी सांगते; रेषा म्हणजे तो रेणू ज्या नेमक्या तरंगलांबींना प्रकाश शोषतो त्या जागा. हिट्रान या रेषासंग्रहाची यादी 296 केल्विनला (सुमारे 23 अंश सेल्सिअस) धरून, मुळात पृथ्वीच्या हवेसाठी केलेली. हजार केल्विनच्या ग्रहाला ती लावली की कितीतरी उष्ण रेषा यादीत नसतातच आणि वायूचे प्रमाण चुकते. लंडनच्या एक्झोमोल गटाने 2014 साली मिथेनच्या सुमारे 10 अब्ज रेषा गणिताने काढल्या. त्या जागच्या जागी आहेत का, हे मोजूनच कळते. टायटॅनियम ऑक्साइडच्या जुन्या याद्यांत रेषांच्या जागा नेमक्या नव्हत्या, तर तो वायू ग्रहांवर शोधणेच अवघड होऊन बसले.

आणि मोजणे म्हणजे काय? वायू भरलेली अॅल्युमिनाची नळी भट्टीत, पण टोकांच्या खिडक्या थंड. तिथला थंड वायूही प्रकाश शोषतो. तो हिशेबात धरला नाही तर तापमानच खोटे ठरते. साधी क्वार्ट्झची खिडकी 4 मायक्रॉनच्या आसपास प्रकाश अडवू लागते, कॅल्शियम फ्लोराइडची घ्यावी लागते. तापमान फार चढवले की मिथेन फुटून काजळी धरते. गुरूसारख्या ग्रहांवर रेषा रुंदावतात त्या हायड्रोजन-हेलियमच्या धडकांनी, म्हणून दर दाबाला, दर तापमानाला पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. डिटेक्टर थंड ठेवणारा द्रवरूप नायट्रोजन संपला की तो आंधळा. हे काम हप्त्याहप्त्याने थांबवून होत नाही, साहेब! शिष्यवृत्ती रखडते, तयार झालेली मुले सॉफ्टवेअरमध्ये निघून जातात.

माउंट अबूला 2.5 मीटरची दुर्बीण उभी राहिली, आनंदच आहे. पण तिच्यामागच्या प्रयोगशाळांचे काय? 2023 च्या कायद्याने संशोधन प्रतिष्ठान आले, पाच वर्षांत 50 हजार कोटी म्हणालात. त्यातले 36 हजार कोटी सरकारबाहेरून यायचे. मिथेनच्या रेषारुंदीसाठी कोणता कारखानदार पैसा देईल? देशाचा संशोधनावरचा खर्च सकल उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याच्याही आत आहे. ही लाज आमची नाही.

हप्ता सोडा. वायू, नायट्रोजन आणि एक कायम तंत्रज्ञ यांसाठी अर्थसंकल्पात पाच वर्षांचे वेगळे खर्चशीर्ष ठेवा. प्रत्येक दुर्बिणीच्या खर्चात प्रयोगशाळेचा वाटा आधीच धरा.

भट्टी आजही बंद आहे. पैसे कोणत्या तारखेला येणार, तेवढे लेखी कळवावे.

आपले,
उष्ण वायूंच्या वर्णपटावर काम करणारे संशोधक