अथेन्सहून, साखरपुड्याआधी

अथेन्स, 12 जानेवारी

तीर्थरूप आईबाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. पहाटे 7 अंश आणि रिमझिम, म्हणजे निफाडच्या गारठ्यात वाढलेल्या माणसाला काहीच नाही. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला लागल्या का? मण्यांना तडे नाहीत ना गेले?

बाबा, महिनाभर एकच विषय म्हणजे एटीकेटी नव्हे, हे आत्यालाही सांगा. अमेरिकेतल्या आमच्या कॉलेजचं वर्षच 4-1-4 असं असतं: आधी चार विषय, जानेवारीत एक (माझा यंदाचा इथे अथेन्समध्ये), मग पुन्हा चार. क्रेडिट पूर्ण मिळतं, म्हणून चार महिन्यांचं काम चार आठवड्यांत कोंबतात. इथे एक दिवस बुडाला की एरवीचा जवळजवळ आठवडा बुडाला.

काकूंची धाकटी पुढच्या वर्षी अमेरिकेला येतेय ना, तिलाही अशा सहलीला यायचं असेल तर एवढं कळवा. तिकडची मुलं नुसता पासपोर्ट घेऊन विमानात बसतात, आपल्याला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल 15 दिवसांत, पण कागद अडले तर 45 दिवसही जातात, म्हणून सप्टेंबरातच अपॉइंटमेंट धरायची. फी 90 युरो. विमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या दिवसांचा, परतीचा दिवस हमखास विसरला जातो. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, विमान बदलतो त्याच्याकडे नव्हे. आणि आय-20च्या (परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेतलं कॉलेज देतं तो कागद) दुसऱ्या पानावर कॉलेजची प्रवासाची सही बघायची. ती वर्षभरच चालते. जुनी निघाली तर अमेरिकेत परतताना विमानतळावर खोळंबा. बूट रबरी तळव्याचे घे म्हणावं. इथल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचा संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, पावसात शेवाळ्यावरून चालल्यासारखं होतं.

आई, इथली एक गंमत. वासिलोपिता नावाचा नवीन वर्षाचा केक ही माणसं जानेवारीभर कापत असतात, घरी, ऑफिसात, शाळेत. आत फॉइलमध्ये गुंडाळलेलं नाणं. पहिला तुकडा येशूचा, मग मारियामातेचा, मग घराचा (आपलं नैवेद्याचं पान जणू), त्यानंतर थोरांपासून लहानांपर्यंत. नाणं ज्याच्या तुकड्यात, त्याचं वर्ष चांगलं. सुरी नेमकी नाण्यावर अडली तर दोन्हीकडचे हुज्जत घालतात आणि ज्याच्या बाजूला नाणं जास्त, तो जिंकतो. परगावी असलेल्याचाही तुकडा कापून ठेवतात. अंडं असतं, हो. खाल्लं.

पैशांचं सांगते. सहलीचे सगळे भरून झाले. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि जानेवारीही सत्रच धरतात. सुट्टीत मात्र पूर्णवेळ चालतं. डिसेंबरात लायब्ररीत 40-40 तास बसले ते यासाठी. तिकीट महाग आहे म्हणून येत नाही असं तेव्हा म्हणाले, तेही खरंच होतं. तेव्हा माझ्यासाठी एफडी मोडू नका. ताईच्या हॉलचा आगाऊ त्यातून द्या.

ताईच्या साखरपुड्याचा मुहूर्त 26 ला 11:10 चाच ना? तेव्हा इथे सकाळचे 7:40. आठला डेल्फीची, म्हणजे जुन्या देवळांचे अवशेष बघायला जायची, बस सुटते. हिवाळ्यात तिथलं फाटक दुपारी साडेतीनच्या सुमाराला बंद होतं, त्यामुळे सर कोणासाठी थांबत नाहीत. माझ्याकडे वीस मिनिटं आहेत. भटजींना सांगून अंगठी आधी घालून घ्या. आणि फोन मामाच्या हातात देऊ नका, तो पंख्याचं शूटिंग करतो.

तुमची,
धाकटी