मोडीच्या वर्गाचे व्हिडिओ आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलगी

प्रिय मुली,

नाव लिहायचं नाही ही तुझी अट पाळते आहे. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार, कारण तुझ्या मदतीचा फायदा माझ्या एकटीचा नाही, अख्ख्या वर्गाचा झाला.

आमच्या वर्गात मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकायला येणाऱ्यांची कारणं निरनिराळी असतात. कुणाला घरातलं जुनं खत वाचायचं असतं, कुणाची नजर थेट पेशवे दफ्तरातल्या कागदांवर असते. मी पेन टॅब्लेटवर लिहिते, स्क्रीन रेकॉर्ड होते आणि व्हिडिओ सगळ्यांना जातो. मग दर आठवड्याला त्याच व्हिडिओबद्दल दोन तक्रारी येतात. कोथरूडचे एक निवृत्त काका म्हणायचे, "बाई, किती सावकाश बोलता." आणि साताऱ्याची एक मुलगी म्हणायची, "ताई, हात कुठून कुठे गेला तेच कळत नाही." दोघंही खरं बोलत होते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची, मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. माझं बोलणं रेंगाळतं, पण हात सवयीने धावतो.

मी तुझ्याकडे आले ती "हा व्हिडिओ हळू करून दे" म्हणून. दुसरी कुणी असती तर तेवढंच करून फाइल हातात ठेवली असती. तू आधी विचारलंस, "काकू, हळू कुणासाठी? आणि कुठला भाग?" खरं सांगते, माझे निम्मे आभार या प्रश्नासाठीच आहेत.

नुसता बघायचा वेग बदलायला फाइलला हात लावावा लागत नाही, हे मला माहीतच नव्हतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चौकटी कंसाची दोन बटणं चालतात. उजव्या कंसाने वेग ०.१ ने वाढतो, डाव्याने तेवढाच कमी होतो आणि बरोबरच्या चिन्हाने पुन्हा मूळ वेगावर येतो. काकांना एवढंच शिकवलं. ४५ मिनिटांचा वर्ग आता ते दीडपट वेगाने ३० मिनिटांत संपवतात आणि वर मला तसं कळवतातही. ज्यांना यूट्यूबची लिंक जाते त्यांच्यासाठी शिफ्ट दाबून 'पेक्षा मोठे' आणि 'पेक्षा लहान' ही चिन्हं.

एक गंमत तुला तेव्हा सांगायची राहिली. वर्गातल्या एका बाईंच्या कंसांनी काही केल्या काम करेना. त्यांचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीवर होता आणि त्यात डाव्या कंसाच्या बटणावर बसलाय 'ड'! विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर आल्या, मग सगळं सुरळीत.

वेग वाढवला तरी माझा आवाज चिरका का होत नाही, हेही तू समजावलंस. आवाज नुसता दुप्पट वेगाने पळवला तर तो एक सप्तक वर चढतो. म्हणून प्लेअर आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतो आणि ते एकमेकांवर थोडे सरकवून पुन्हा जोडतो. वेळ कमी होतो, पट्टी तीच राहते. हळू करतानाही हीच युक्ती चालते, पण अर्ध्या वेगाला मी पेंगत शिकवते आहे असं वाटतं, त्याला इलाज नाही.

साताऱ्याच्या मुलीचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिने अर्ध्या वेगावर बघितलं तर रेघ झटके खात पुढे जायची. तू माझं रेकॉर्डिंग उघडलंस आणि लगेच म्हणालीस, हे सेकंदाला ३० चित्रांचं आहे. अर्ध्या वेगावर सेकंदाला नवी चित्रं उरतात १५, प्रत्येक दोनदा दिसतं; लेखणी वळली त्या क्षणाचं चित्र मुळात टिपलेलंच नसेल तर कुठलं सॉफ्टवेअर ते आणणार? मी स्क्रीन रेकॉर्ड करते त्या ओबीएस सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये व्हिडिओखाली ३० चे ६० केलेस. आता अर्धा वेग केला तरी सेकंदाला ३० खरी चित्रं मिळतात आणि चिटणिशी वळणाची (मोडी लिहिण्याच्या एका शैलीची) गाठ कशी पडते ते नीट दिसतं. जुने व्हिडिओ यातून सुधारणार नाहीत, हेही तू स्पष्ट सांगितलंस. उगाच आशा लावली नाहीस, ते फार बरं केलंस.

मग शॉटकट, म्हणजे व्हिडिओ कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर. फाइलच बदलायची ती फक्त अक्षर गिरवण्याच्या भागापुरती, हे तुझंच. एस दाबून तो भाग दोन्ही बाजूंनी कापायचा, प्रॉपर्टीजमध्ये स्पीडच्या जागी ०.५ लिहायचं, तेवढ्या भागातला आवाज काढून टाकायचा आणि वरून नव्याने बोलायचं. वेग बदललेली फाइल नव्याने तयार व्हायला माझ्या जुन्या लॅपटॉपला बराच वेळ लागतो. तेवढ्यात माझी पोळ्यांची कणीक भिजवून होते, म्हणून तक्रार नाही.

यातलं एकही काम तू स्वतः केलं नाहीस. माऊस माझ्याच हातात ठेवलास, चुकीच्या मेनूत शिरले तरी खुर्चीवर हात बांधून बसलीस. परीक्षा तोंडावर असताना! तुझ्या आईला वाटलं असेल, काकूंना वेळकाळ कळत नाही. त्यांनाही माझे धन्यवाद सांग. पैशांचं नाव काढलं तर तू रागावलीस, म्हणून तो विषय परत काढत नाही. दिवाळीला ओल्या नारळाच्या करंज्यांना मात्र नाही म्हणायचं नाही.

आणि आता थोडं कामाचं. बाराखडीचे नवे व्हिडिओ ६० वर रेकॉर्ड करून झालेत. जोडाक्षरांना अर्धा वेगही जास्त वाटतोय. ०.४ करून बघू का, की तिथे हातच हळू चालवू? परीक्षा संपली की ये आणि सांग.

तुझी,
पहिल्या मजल्यावरची काकू