निर्वासित मुलांना बोलते करण्याची घाई नको

महोदय,

हिंसाचारामुळे घरदार सोडून आलेल्या कुटुंबांसाठी ठाण्यातील एका सभागृहात अलीकडेच मदतनिधीचा कार्यक्रम झाला. त्यात दोन लहान भावंडांना व्यासपीठावर उभे करून, "तिकडे काय काय झाले ते सगळ्यांना सांगा," असे ध्वनिक्षेपकावरून विचारण्यात आले. धाकटा काहीच बोलला नाही. थोरल्या बहिणीने कविता म्हणावी तशी चार वाक्ये एका दमात म्हटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयोजकांचा हेतू चांगला होता आणि जमलेला पैसा त्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, याविषयी मला शंका नाही. परंतु उभी हयात बालवाडीत गेलेली शिक्षिका या नात्याने, मुलांच्या तोंडून त्यांचा अनुभव असा वदवून घेणे थांबले पाहिजे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४च्या अखेरीस जगभरात १२ कोटींहून अधिक माणसे युद्ध, छळ वा हिंसेमुळे घराबाहेर पडलेली होती आणि त्यांतली सुमारे ४० टक्के अठरा वर्षांखालील होती. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नसली, तरी बालहक्क करार आपण १९९२ साली स्वीकारला आहे आणि युद्ध वा छळाला बळी पडलेल्या मुलाला शरीराने व मनाने पुन्हा उभे राहण्यासाठी साहाय्य करण्याची जबाबदारी त्यातील ३९व्या कलमाने आपल्यावर टाकली आहे. प्रश्न आहे तो हे साहाय्य नेमके कसे करायचे हा.

पाच-सहा वर्षांखालील मूल आपले दुःख मोठ्यांसारखे शब्दांत मांडत नाही, कारण त्याच्यापाशी तेवढे शब्दच नसतात. कोरडे झालेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागते, सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात जातो, येत असलेले शब्द बोलायचे बंद होतात, डॉक्टरांना काही सापडत नाही तरी पोट दुखत राहते, आई स्वयंपाकघरात गेली तरी मूल रडून आकांत करते. याला लाडावलेपण किंवा हट्टीपणा समजून धपाटा घातला जातो. त्याहून मला काळजी वाटते ती अगदी शांत बसणाऱ्या मुलाची. "किती गुणी आहे, जागचा हलत नाही," असे कौतुक होते आणि त्याच्याकडे लक्ष जायचे राहून जाते. मोठा धोका अनुभवलेल्या मुलाचे शरीर धोका टळल्यावरही सावधच राहते. झोप उडणे, दचकणे, चिडणे आणि गोठल्यासारखे बसून राहणे ही सगळी त्या सावधपणाची रूपे असतात.

मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये हिंसाचार उसळल्यानंतर नवी मुंबईत नातेवाइकांकडे आलेल्या एका कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा मी जवळून पाहिला. वर्गात आल्यावर तो दप्तर पाठीवरून उतरवत नसे आणि खाऊ खातानाही ते पाठीवरच असे. कुणी हात लावला की ओरडे. ठोकळ्यांचे घर बांधायचे, पाडायचे, पुन्हा बांधायचे, एवढाच खेळ तो दिवसभर खेळत असे. आम्ही त्याला त्याबद्दल काही विचारले नाही आणि दप्तर उतरवण्याचा आग्रहही धरला नाही. रोज त्याच जागी, त्याच बाईंशेजारी त्याला बसवायचे, प्रार्थना, खाऊ, गोष्ट हा क्रम बदलायचा नाही, बाई जरा बाहेर जाणार असतील तर आधी सांगून जायचे आणि सांगितलेल्या वेळी परत यायचे, एवढे मात्र कसोशीने पाळले. सुरुवातीला त्याची आई दाराशी बसून राहत असे. पुढे तो ठोकळ्यांच्या घरात बाहुल्या ठेवू लागला, मग त्या घराला दार ठेवू लागला आणि पुष्कळ दिवसांनी दप्तर इतर मुलांच्या दप्तरांशेजारी ठेवून अंगणात पळाला. त्याने काय पाहिले होते, हे मला आजही माहीत नाही आणि ते माहीत असण्याची गरजही नव्हती.

हा केवळ माझा अनुभव नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासी पाळणाघरे चालवली. बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून झालेली ताटातूट लहान मुलांना अधिक खोल दुखावते, ही तिथली नोंद पुढे जगभर मान्य झाली. घडलेला प्रसंग एका बैठकीत सांगायला लावून मन मोकळे करण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मुलाने आपणहून काही सांगितले, तर ते अर्थातच शांतपणे ऐकावे. खोदून मात्र विचारू नये.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहिले. तिथे त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, प्रार्थनास्थळ होते, स्काउटची पथके होती. म्हणजे मुलांना घर नसले तरी ठरलेला दिवस आणि ओळखीची भाषा होती. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी बांधव वसले. आपल्या ठाणे जिल्ह्यात कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले आणि त्याच्या विभागांना लोक आजही कॅम्प नंबरनेच ओळखतात. या जिल्ह्याने तरी विस्थापित मुलांच्या बाबतीत इतरांच्या चार पावले पुढे असायला हवे, अशी माझी अपेक्षा आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. अशा मुलाला रोज भेटणारी पहिली बाहेरची व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका किंवा पालिकेच्या बालवाडीतील शिक्षिका. वजने, आहारवाटप आणि मोबाइलवरच्या नोंदी यांतच तिचा दिवस संपतो, हे मी जाणते. म्हणून आणखी एक रजिस्टर तिच्या हाती न देता मानसिक प्रथमोपचाराचे, म्हणजे हादरलेल्या माणसाला सुरुवातीला धीर कसा द्यावा याचे, छोटे प्रशिक्षण तिला कामाच्या वेळेतच द्यावे. ठाण्यात १९०१पासून प्रादेशिक मनोरुग्णालय आहे; तिथल्या तज्ज्ञांची त्यासाठी मदत घेता येईल. महिना उलटूनही मूल बोलत नसेल, जेवत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर त्याला तज्ज्ञांकडेच न्यायला हवे. "ठाण्याला पाठवा" हे वाक्य मराठी माणसाने पिढ्यानपिढ्या टोमणा म्हणून वापरले आणि त्यामुळे कितीतरी आया उपचारांपासून दूर राहिल्या, याचे मला फार वाईट वाटते. अशा आयांना टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक तरी माहीत असावा. तिथे मराठीतही बोलता येते. आईला झोप लागली, तिच्या हाताला काम आणि डोक्यावर छप्पर मिळाले, की मुलाचे निम्मे दुखणे हलके होते, म्हणून आईला वगळून मुलावर उपचार करण्यात अर्थ नाही.

सहा वर्षांवरील मुलांना कागदपत्रांअभावी शाळेतून परत पाठवले जाते, हीदेखील मोठी अडचण आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे १४वे कलम स्पष्ट सांगते. मुख्याध्यापकांनी ते कृपया वाचावे.

शेजाऱ्यांनाही करता येण्यासारखे एक काम आहे. दहीहंडीचे डीजे आणि दिवाळीतले सुतळी बॉम्ब आपल्याला सरावाचे झाले आहेत. गोळीबारातून आलेल्या मुलाला त्या आवाजांतला फरक कळत नाही. सोसायटीत असे कुटुंब राहत असेल, तर फटाके कधी आणि कुठे वाजणार हे त्यांना आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे आई मुलाला समजावू शकेल आणि त्या वेळी त्याला जवळ घेऊन बसेल.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५च्या ७४व्या कलमाने मनाई केली आहे. निर्वासित मुलांच्या बातम्या आपण अवश्य छापाव्यात. परंतु चेहरा दाखवणारी छायाचित्रे आणि मुलांकडून मिळवलेली "आपबिती" आपल्या अंकात येऊ नये, तसेच ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या बालवाड्यांमध्ये वर सुचवलेले प्रशिक्षण कधी सुरू होणार, याची आपल्या वार्ताहरांनी संबंधित अधिकाऱ्यांकडे विचारणा करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
कोपरखैरणे, नवी मुंबई