सातपूरच्या काकांना, ड्रम रॅकसाठी मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

तोंडावर थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" करून विषयच बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय, आणि कुणाला ड्रम रॅक, म्हणजे ड्रम आणि सिंबल एकत्र लावायची पाईपची चौकट, घ्यायचा असेल तर त्यालाही उपयोग होईल.

नवरात्रात नाशिकच्या कालिका मंदिराच्या यात्रेच्या दिवसात आमच्या ऑर्केस्ट्राचे लागोपाठ प्रोग्राम असतात, स्टेज छोटं, त्यात सिंबलचे (धातूच्या थाळ्यांचे) चार स्टँड, टॉमचे (वर लावायच्या छोट्या ड्रमचे) वेगळे, पाय ठेवायला जागा उरत नाही म्हणून रॅक हवाच होता. सिडकोत एक जण सेकंड हँड विकत होता, म्हणाला युनिव्हर्सल आहे, कुठलाही क्लॅम्प (पाईपला आवळून धरणारी पकड) बसतो, आणि मी लगेच पैसे द्यायला निघालो होतो. तुम्ही जिन्यात भेटलात आणि एकच विचारलंत, "पाईपचा डाया किती?" म्हणजे व्यास, तो मला सांगता येईना. तुम्ही नुकतेच कंपनीतून आला होतात, चहासुद्धा घेतला नव्हता, तसेच व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन माझ्या गाडीवर मागे बसलात. हे मी विसरणार नाही काका.

माझे क्लॅम्प दीड इंची पाईपचे, म्हणजे 38.1 मिमी, जिब्राल्टर कंपनीच्या रॅकचं माप तेच. तिथला पाईप भरला 35. फोटोत हा फरक कुणाला दिसणार? तुम्ही माझा क्लॅम्प लावून बोल्ट आवळत गेलात, दोन्ही जबडे एकमेकांना टेकले तरी क्लॅम्प पाईपवर गोल फिरतच होता. विकणारा म्हणे रबराची पट्टी घाला. तुम्ही न चिडता त्याला सांगितलंत, जबडे टेकले की पुढचा जोर नुसता बोल्टवर जातो, पाईपला पकड मिळतच नाही, रबर दबत जाईल आणि वाजवता वाजवता टॉम खाली झुकेल.

मला वाटलं काम झालं, तर तुम्ही घरी येऊन माझा सगळा सेटच मोजायला घेतलात. टॉम यामाहाचे, त्यांचा रॉड षटकोनी, तो गोल रॉडच्या क्लॅम्पमध्ये घातला तर फक्त कोपऱ्यांवर धरला जातो आणि फिरतो, हे मला इतकी वर्षं वाजवून माहीत नव्हतं. सिंबलच्या बूमचा (आडव्या दांड्याच्या स्टँडचा) पाईप 22.2 मिमी, म्हणजे पाऊण इंचाचा क्लॅम्प चालणार नाही, 7/8 इंचाचाच हवा. काही रॅकचे पाईप चौकोनी असतात, पर्ल कंपनीचे आहेत तसे, त्यांचे क्लॅम्पच वेगळे. हे सगळं तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलंत, किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) दोन्ही बाजूंना किती जागा सुटली पाहिजे तेही.

आणि ती दोऱ्याची आयडिया! व्हर्नियर नसेल तर पाईपला दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, तो सरळ करून पट्टीवर मोजायचा, साधारण 12 सेमी भरला तर दीड इंची, 11 भरला तर 35 मिमी, 7 भरला तर 7/8. शेवटी रॅक पुण्याहून घेतला, पैसे पाठवायच्या आधी त्या दादाला पाईपला दोरा गुंडाळून फोटो पाठवायला लावला, बिचाऱ्याने लगेच पाठवला, 12 ला किंचित कमी. षटकोनी रॉडचे दोन क्लॅम्प वेगळे मागवले.

पहिल्या प्रोग्रामला तीन तास वाजवलं, एकदाही टॉम सावरायला हात थांबवावा लागला नाही. त्या रात्री सगळं उतरवताना मी प्रत्येक क्लॅम्पपाशी पाईपवर मार्करने खूण केली, आता सेट लावायला निम्मा वेळ पुरतो.

तुमचं व्हर्नियर अजून माझ्याकडेच आहे, रविवारी सकाळी आणून देतो. काकूंना सांगा चहा आमच्याकडेच घ्यायचाय, आणि त्या दिवशी सेट लावलेला असेल, तुम्ही बसून वाजवून बघायचंच.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा ड्रमर