सुहासला, १९७१बद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

'कुठलंही युद्ध न्याय्य नसतं, जिंकणारा ते तसं ठरवतो' हे तुझं वाक्य वाचून मी हो म्हणणार होतो, पण १९७१चं बांगलादेशचं युद्ध आडवं आलं.

२५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत शिरून पोरांना गोळ्या घातल्या. पूर्व बंगालने, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानने, निवडणुकीत आपल्या नेत्याला, शेख मुजीबना, भरभरून मतं दिली, त्याची ही शिक्षा. पुढे कोटीभर माणसं सीमा ओलांडून आली. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकला निर्वासित सिमेंटच्या पाइपांत राहत होते. कॉलऱ्याने किती गेले! आणि जगाला माहीत नव्हतं असंही नाही. अमेरिकेचेच ढाक्यातले अधिकारी आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये निषेधाची तार पाठवली. अध्यक्ष निक्सनना पाकिस्तानमार्फत चीनशी सूत जुळवायचं होतं, म्हणून ब्लडनाच तिथून हलवलं. जूनमध्ये पत्रकार अँथनी मस्कारेन्हासने लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये सगळं छापलं. जन्म बेळगावचा, नोकरी कराचीत. आधी बायकामुलांना देशाबाहेर काढलं, मग लिहिलं. एवढं होऊनही कुणी हललं नाही. अशा वेळी हात बांधून बसणं मला अहिंसा वाटत नाही.

पण आपण उघड युद्धात उतरलो डिसेंबरात. पावसाळा सरू द्यायचा, हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होऊ द्यायच्या, म्हणजे चीनची भीती नको. लष्करी शहाणपण म्हणून हे बिनचूक. मात्र ते आठ महिने तिकडे माणसं मरत होती आणि इकडे आपण, तिथल्या बंगाली लढवय्यांच्या मुक्तिबाहिनीला शस्त्रं देत, मुहूर्त बघत होतो. हेतूत पाकिस्तान तोडण्याचा हिशेबही होता, हे कशाला नाकारू? युनोच्या आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदीच्या आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला मत दिलं, विरोधात फक्त ११. माणसं वाचवायला म्हणून शेजारी घुसणं एकदा मान्य केलं, की उद्या कुठलाही दांडगा देश तेच कारण सांगेल. ही भीती मला पोकळ वाटत नाही.

सगळ्यात अडतो मी पूर्व बंगालातल्या जमालपूरपाशी. आपली मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण तिथे वेढा घालून होती. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. १० डिसेंबरच्या रात्री त्याचे सैनिक वेढा फोडायला निघाले आणि आपल्या मशीनगनांपुढे पडले. त्यांत ढाक्यात कुणालाही हात न लावलेली पोरं असणारच. युद्ध न्याय्य मानलं तरी त्यांचं मरण मला त्या न्यायात बसवता येत नाही. जिंकल्यावर १८ डिसेंबरला ढाक्याच्या मैदानात, परदेशी कॅमेऱ्यांसमोर, मुक्तिबाहिनीवाल्यांनी बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकलं, तेही नाही.

तरीही मार्च १९७२मध्ये आपलं सैन्य परत आलं. जमीन धरून बसलं नाही. माझ्या लेखी हे फार मोठं आहे, आणि त्याच जोरावर मी म्हणतो की ते युद्ध करायलाच हवं होतं, खरं तर आधी करायला हवं होतं.

आता तू सांग. त्या मे महिन्यात, पाइपात तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला तू काय म्हणाला असतास? उत्तर सावकाश दे, पण टाळू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अविनाश