कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या काकांना, एका स्कीबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी तुमच्या फायबरच्या कामाच्या दुकानात येऊन गेले. शटर बंद होतं. शेजारच्या लेथवाल्या दादांनी सांगितलं, काका जोतिबाला गेल्यात, यात्रा उरकल्याशिवाय येत न्हाईत. पेढ्यांचा बॉक्स त्यांच्याकडे ठेवला आहे. तुम्ही समोर असता तर मला दोन वाक्यंही पुरी करू दिली नसती. "बरं बरं, बसा, चहा घ्या" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहून काढतेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. वॉटर स्कीइंग म्हणजे वेगानं जाणाऱ्या बोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावरून घसरत जाणं. त्यात स्लॅलम हा प्रकार एकाच स्कीवर, एका पायामागे दुसरा पाय ठेवून करायचा. बोट सरळ मधून जाते. दोन्ही बाजूंना मिळून सहा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा असतात, मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर. आपण या बाजूच्या बोयाला वळसा घालून बोटीच्या मागून आडवं जायचं आणि त्या बाजूच्या बोयाला वळसा घालायचा. सगळा मार्ग २५९ मीटरचा. मी ज्या वेगानं करते, म्हणजे ताशी ४९ किलोमीटर, त्या वेगाला तो १९ सेकंदांत संपतो. दोरी सुरुवातीला १८.२५ मीटर असते. पुढे तरबेज लोक ती टप्प्याटप्प्यानं आखूड करत नेतात, ११.२५ मीटर आणि त्याहून कमी. म्हणजे बोया दोरीच्या टोकाच्याही पलीकडे जातो आणि उरलेलं अंतर अंग बाहेर झोकून गाठावं लागतं. मी त्या पंक्तीतली नाही, पण या १९ सेकंदांसाठी वर्षभर वाट बघणारी आहे.

पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मी, लग्नानंतर ऑस्ट्रेलियाला गेले आणि मेलबर्नला असताना हा नाद लागला. तिथं मरे नदीकाठी हा खेळ घराघरांत आहे. एचुका नावाच्या गावाला दरवर्षी नदीवर ८० किलोमीटरची स्की शर्यत होते, आपल्याकडं कुस्तीच्या मैदानाला लोटतात तशी माणसं काठावर लोटतात. २०१८ मध्ये आम्ही कोल्हापूरला परत आलो. लेक तिकडेच आहे, म्हणून दर जानेवारीत, तिकडच्या उन्हाळ्यात, महिनाभर जाते. माझी जुनी स्की मात्र सोबत इकडं आणली होती. हाताशी असावी, इतकंच कारण.

आणि २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराचा तळमजला पाच दिवस पाण्यात होता. स्की लोखंडी कॉटखाली, ट्रंकेच्या आड अडकलेली. पाणी ओसरल्यावर चिखल धुतला, स्की पुसली आणि उभी करून ठेवली. स्कीच ती, पाण्यातलीच वस्तू, तिला पाण्यानं काय होणार असं वाटलं.

मध्ये दोन वर्षं जाता आलं नाही. त्यानंतर गेले तर जमेना. पाण्यातून उठतानाच खांदे भरून यायचे. पूर्वी सहापैकी पाच बोया सहज व्हायचे, ते तीनवर आलं. उजवीकडच्या वळणाला तर स्की मागून निसटल्यासारखी व्हायची आणि मी पाण्यात. ओळीनं तीन उन्हाळे हेच. मी गुडघ्याला दोष दिला, वजनाला दिला, शेवटी वयाला दिला. पन्नाशी जवळ आली की शरीर ऐकत नाही, असं घरीदारी सगळे म्हणतात, मीही म्हणायला लागले. एका ठिकाणी स्की दाखवली तर त्यांनी वरच्या चिरा भरून, पॉलिश मारून, चांगले पैसे घेऊन "नवी झाली" म्हणून परत दिली. तीच घेऊन पुन्हा गेले आणि पुन्हा पडले. परतताना विमानात ठरवलं होतं की हे आता बंद करायचं.

तुमच्याकडे मी आले ती स्की विकण्याआधी वरचा ओरखडा काढून घ्यायला. तुम्ही ट्रॅक्टरच्या हुडावर काचतंतूची मॅट बसवत होता. हात पुसलात, स्की आडवी घेतलीत आणि खिशातलं एक रुपयाचं नाणं काढून टोकापासून शेपटीपर्यंत इंचाइंचावर टकटक करत गेलात. मीही कान देऊन ऐकत होते. पुढच्या भागात आवाज टणटण यायचा. मागच्या बुटाच्या पुढं चार बोटांवर तो अचानक बसका झाला, पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. तुम्ही तिथं पेन्सिलीनं खूण केलीत, परत वाजवत गेलात, परत खूण. दहा मिनिटांत स्कीच्या मागच्या भागावर एक वेडावाकडा आकार उमटला, आणि त्याचा जास्त भाग उजव्या बाजूला होता.

"पडता कुठल्या अंगाला?" तुम्ही विचारलंत. मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

मग खालची फिन, म्हणजे शेपटीखालचं माशाच्या परासारखं पातं, सोडलीत. ती बसते त्या खाचेतून आधी दोन थेंब पाणी आलं आणि मागोमाग बारीक तपकिरी गाळ. तुम्ही तो बोटांवर चोळलात, उजेडात धरलात आणि म्हणालात, "ह्यो गाळ आपल्या नदीचा हाय, ताई. महापुराचा." त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही बघितलंत की नाही माहीत नाही. तीन वर्षं मी स्वतःच्या शरीराला बोल लावत होते आणि पंचगंगेचा गाळ पोटात घेऊन ही स्की मरे नदीवर माझ्या पायाखाली होती.

तुम्ही ती सावलीत टांगलीत, शेपूट खाली करून. आधी काट्यावर घातलीत, नऊ दिवसांनी परत घातलीत, १८० ग्रॅम उतरलं होतं. दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून मध्ये २० किलोचं वजन ठेवलंत आणि डावी-उजवी बाजू किती दबते ते मोजलंत. उजवी जास्त बसत होती. मी म्हटलं, भरून द्या काका, लागतील ते पैसे देते. तुम्ही मान हलवलीत. "वरनं रेझिन मारून चकाचक करून दिन की. पर आतला फोम सुटलाय. ह्यात आता राम न्हाई. तुमी परत पडशीला, आणि मला झोप लागायची न्हाई." स्क्रू काढल्या-बसवल्याचे पन्नास रुपये घेतलेत, बाकी कशाचे नाहीत.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी जन्मभर नाव काढलं असतं. पण तुम्ही विचारलंत, मग नवी कुठली घेणार? मी मोबाइलवर दाखवायला लागले. एचओ, रॅडार, कनेली, डी३, प्रत्येकाचे चार-पाच प्रकार, आणि प्रत्येक जण म्हणणार की आमचीच उत्तम. वरची श्रेणी पूर्ण कार्बनची, किंमत मधल्या श्रेणीच्या जवळपास दुप्पट. एकदाच घ्यायची तर सगळ्यात भारी घेऊ, असं माझ्या मनात होतं.

तुम्ही हा खेळ कधी बघितलेला नव्हता. तरी विचारलेले तीन प्रश्न नेमके होते: वजन किती, वेग किती, आणि ही जुनी मुळात कुणासाठी घेतली होती? तिसऱ्या प्रश्नाला मी अडखळले. जुनी स्की ६८ इंची होती आणि मी ती एका ओळखीच्या गृहस्थांकडून वापरलेली घेतली होती. त्यांचं वजन ९५ किलो, माझं ६८. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या पायताणात इतकी वर्सं चाललासा की!" घरी जाऊन कंपन्यांचे तक्ते नीट वाचले. स्कीची लांबी वजन आणि बोटीचा वेग या दोन्हींवर ठरते. वजन जास्त किंवा वेग कमी, तर लांब स्की. बहुतेक तक्त्यांत माझ्या वजनाला आणि वेगाला ६६ इंच येत होतं. पहिल्या दिवसापासून मी दोन इंच जास्तीची स्की वळवत होते.

रुंदीचंही तुमच्यामुळेच समजलं. मी वाचलेलं सांगितलं की रुंद स्की कमी वेगात लवकर पाण्यावर येते, अरुंद स्की जास्त वेगात पटकन काठावर झुकते. तुम्ही म्हणालात, चिखलात फळी टाकली की माणूस रुतत न्हाई, तसंच हे. मग ४९ च्या वेगाला ताशी ५८ किलोमीटरवाल्याची अरुंद स्की कशाला? खांदे का भरून येत होते त्याचं अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

आणि कार्बन. हे सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. तुम्ही दारातल्या ट्रकच्या पाट्यांकडे, म्हणजे स्प्रिंगांकडे बोट दाखवलंत. "रिकाम्या गाडीला दहा टनाचं पाटं टाकलं तर काय हुतंय? दणकं बसत्यात. पाटा भारी असतोय, पर त्यो दाबायला तेवढा माल पायजे." पूर्ण कार्बनची स्की ताठ असते, दाबली की झटक्यात परत येते. तो झटका कामाला लावायला वेग लागतो, जोर लागतो. माझ्या वेगाला काचतंतू आणि कार्बन मिळून केलेली, जरा लवणारी स्की चूक पोटात घालते. वाचलेले पैसे आतल्या गाभ्यावर घाला, असं तुम्ही बजावलंत. साध्या पॉलियुरेथेन फोमपेक्षा पीव्हीसी फोमचा गाभा हलका आणि टिकाऊ, हे मी वाचलं होतं. त्याला महत्त्व किती, ते गाळ बघितल्यावर पटलं.

मध्येच एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती. या खेळाची सुरुवात १९२२ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर झाली. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं आधी पिंपाच्या फळ्या, मग बर्फावरच्या स्की वापरून बघितल्या, जमलं नाही. शेवटी आठ फुटी लाकडी फळ्या आणल्या, आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात त्यांची टोकं मऊ करून वाकवली आणि पायाला चामड्याचे पट्टे मारले. तुम्ही रेझिनचा ब्रश तसाच हातात धरून ऐकत होता. "चामड्याचं पट्टं? मग निम्मं काम आपल्या चप्पल लाइनीतलंच की!" इतका आनंद झालेला माणूस मी दुकानात क्वचित बघितला असेल.

शेवटी विचारलंत, "पाण्यावर घालून बगायला देत्यात का?" तिकडं देतात. मला ते माहीत होतं आणि तरी मी फोटो बघून मागवायला निघाले होते. जानेवारीत दोन स्की मागून घेतल्या, दोन्ही ६६ इंची, दोन्ही मधल्या श्रेणीच्या. पहिलीवर तीन दिवस, दुसरीवर तीन दिवस. पहिली हलकी होती पण उजव्या वळणाला मनात धाकधूक राहायची. दुसरीवर पहिल्याच सकाळी पाण्यातून उठले तेव्हा बोट चालवणाऱ्या माझ्या लेकीनं मागं वळून बघितलं, मी पडले की काय म्हणून, कारण दोरीला ओढच जाणवली नव्हती म्हणे. तीच घेतली.

तुम्ही दिलेला व्हर्नियर, बारीक माप घ्यायचा, सोबत होता. सांगितल्याप्रमाणे फिनची खोली, लांबी आणि शेपटीपासूनचं अंतर मोजून वहीत लिहून ठेवलं आणि पहिले दहा दिवस कारखान्यानं दिलेल्या मापाला हात लावला नाही. तिथल्या एका जुन्या खेळाडूनं माझ्या हातातला व्हर्नियर बघून विचारलं, हे मोजमाप तुला कुणी शिकवलं? मी तुमचं सांगितलं, उद्यमनगराचं सांगितलं. फाउंड्ऱ्या, पॅटर्नवाले, लेथची ओळ, सगळं.

मुक्कामाच्या एकविसाव्या दिवशी, सकाळी सातला, पाणी आरशासारखं असताना सहाच्या सहा बोया झाले. ४९ च्या वेगाला, पूर्ण दोरीवर. सहावा बोया डाव्या हाताचा, म्हणजे वळण उजवीकडचं होतं. पलीकडच्या टोकाला दोन बोयांचं फाटक असतं, त्यातून बाहेर आले, दोरी सोडली आणि पाण्यात बसून राहिले. बोट वळून येईपर्यंत काठावरची झाडं बघत होते आणि मला तुमच्या नाण्याचा आवाज ऐकू येत होता, टणटण.

काका, कामाचे पैसे मिळत असताना "हे करू नका" म्हणालात. न बघितलेल्या खेळासाठी नऊ दिवस डोकं चालवलंत. एका बाईचा छंद म्हणून हसण्यावारी नेलं नाहीत. माझं वय झालेलं नाही हे मला तुमच्यामुळं कळलं. यासाठी आभार हा शब्द थोडा पडतो, तरी मनापासून आभार.

जुन्या स्कीचा पुढचा चांगला अर्धा भाग तुम्ही ठेवून घेतला आहे, तो असू दे. मागचा कापलेला तुकडा मात्र मला हवा आहे, गाळासकट.

यात्रेहून आलात की निरोप धाडा. व्हर्नियर परत द्यायचा आहे. आणि नवीन स्कीच्या पुढच्या बुटाचा एक स्क्रू थोडा फिरतोय असं वाटतं. नाणं घेऊन तेवढं बघून घ्या.

काकूंना नमस्कार.

आपली,
शुक्रवार पेठेतली स्कीवाली ताई