करार मार्चला संपतो, टीबीचा उपचार नाही

महोदय,

अर्थसंकल्प मांडला की आरोग्यावर किती टक्के, याची चर्चा दोन दिवस होते आणि थांबते. क्षयरोगासाठी दिलेला पैसा प्रत्यक्षात कोणत्या महिन्यात खाली पोचतो आणि कोणत्या कामापोटी मोजला जातो, हे मात्र कोणी विचारत नाही. खासगी डॉक्टर आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीचा जो छोटासा हिस्सा असतो, तो इथेच अडकतो. त्याविषयी हे पत्र.

शहरातला खोकल्याचा पेशंट बहुधा आधी गल्लीतल्या दवाखान्यात जातो. टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारला कळवणे 2012 पासून बंधनकारक आहे आणि 2018 च्या अधिसूचनेने औषध दुकानदारांनाही त्यात आणून शिक्षेची तरतूद केली. पण भरल्या ओपीडीत निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर माहिती भरत बसायला डॉक्टरांना वेळ कुठला? म्हणून मुंबईत 2014 पासून परदेशी निधीवर हे काम संस्थेकडे सोपवण्याचा एक प्रयोग झाला, 2018 पासून ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशावर तो अनेक राज्यांत गेला आणि पुढे सरकारने आपल्या पैशातून संस्था नेमायला सुरुवात केली. अशा संस्थेला सरकारी क्षयरोग कार्यक्रमात पीपीएसए म्हणतात. खासगीतल्या रुग्णाला नोंदीपासून उपचार संपेपर्यंत सांभाळणे हे तिचे काम.

हे काम जवळून पाहिले की पैसे कुठे लागतात ते समजते. संस्थेचा कार्यकर्ता मेडिकलवाल्याकडे जाऊन शेड्यूल एच-1 चे, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीच्या नोंदीचे, रजिस्टर चाळतो. रिफाम्पिसिन हे टीबीचे औषध कोणाला विकले ते त्यात सापडते, पण कायद्याने त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण एवढेच लागते. रुग्णाचा फोन नंबर नसतो. तो मिळवायला पुन्हा डॉक्टरकडे खेप. मग बेडका. सकाळचा, खोल खोकून काढलेला, निदान दोन मिलिलिटर हवा. लाळ आली तर तपासणी वाया. नाव ट्यूबच्या अंगावर लिहायचे, कारण झाकणे बदलतात. झाकण सीलबंद करून, पिशवीत घालून, बर्फाच्या पॅकसह डबा वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचा. रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी आहे का, हे कळल्याशिवाय नेहमीच्या गोळ्या सुरू करणे म्हणजे अंधारात बाण. या खेपांचे पेट्रोल, डबे, माणूस हे सगळे संस्थेच्या बिलातून जाते.

हे बिल मिळते कामाच्या मोजणीवर: इतक्या नोंदी, इतक्या तपासण्या, इतक्यांचा उपचार पूर्ण. आधी काम, मग पडताळणी, मग पैसे. तत्त्व म्हणून चूक नाही. पण केंद्र-राज्य 60:40 वाट्याचे हप्ते उशिरा पडले, पडताळणी रखडली, की दोन तिमाह्यांची बिले थकतात. मोठी संस्था तग धरते, छोटी संस्था कार्यकर्ते कमी करते. डॉक्टरांनाही नोंदीचे 500 आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी 500 रुपये मिळायचे असतात. पाचशे रुपयांसाठी कोणी प्रॅक्टिस करत नाही हे खरे, पण वर्षभर ते आले नाहीत की पुढच्या वेळी डॉक्टर फोन उचलत नाहीत, हेही खरे.

सर्वांत मोठी गफलत कराराच्या मुदतीत आहे. करार आर्थिक वर्षाला बांधलेला, आणि नवी निविदा निघेस्तोवर पावसाळा येतो. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन औषधे. गोळ्या लागू पडल्या की काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते, आणि नेमके तेव्हाच माणूस गोळ्या सोडतो. फेब्रुवारीत नोंदलेल्या रुग्णाचा हा काळ एप्रिलमध्ये येतो. तेव्हा फोन करणारा, घरी जाणारा कोणीच नसतो. उसतोडीला गेलेली कुटुंबेही याच सुमारास कारखान्याच्या पट्ट्यातून गावी परततात. नोंद एका जिल्ह्यात, रुग्ण दुसऱ्यात. निकालाचा रकाना कोराच राहतो, म्हणून डॉक्टरांचे दुसरे पाचशे आणि संस्थेचे निकालापोटीचे बिल दोन्ही बुडतात. रुग्ण बरा झाला की औषधाला दाद न देणारे जंतू घेऊन फिरतो आहे, याची कोणालाच खबर नसते.

प्रतिबंधाची गत याहून वाईट. रुग्णासोबत राहणाऱ्यांची तपासणी करून, टीबी नाही याची खात्री झाल्यावर त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचे: आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे 12 डोस, किंवा नुसते आयसोनियाझिड रोज, सहा महिने. धडधाकट माणसाला गोळी घ्यायला लावणे आजाऱ्यापेक्षा अवघड, खेपा जास्त. दर मुख्यतः नोंदीवर ठेवला तर ही मेहनत कोण करणार? झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात (2023) रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातले टीबीचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे घरच्यांवर केलेला खर्च फुकट जात नाही.

परदेशी मदतीच्या भरवशावर राहणे किती धोक्याचे, ते 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर दिसलेच. सीएसआरवाल्यांना, म्हणजे सामाजिक कामासाठी पैसा देणाऱ्या कंपन्यांना, यंत्रे द्यायला आवडतात, फोटो छान येतो. पण गोव्यात बनणाऱ्या ट्रुनॅट या तपासणी यंत्राला टीबीसाठी एक चिप लागते आणि रिफाम्पिसिनची दाद पाहायला दुसरी. चिपा आणि तंत्रज्ञाचा पगार यांची सोय नसेल तर यंत्रावर धूळ बसते. कंपन्यांना सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत ‘चालू प्रकल्प’ म्हणून खर्च करण्याची मुभा नियमात आहे. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांनी यंत्राऐवजी तीन वर्षांच्या चिपा आणि पगार मागावेत.

सरकारकडून अपेक्षा फार नाहीत. करार तीन वर्षांचा करा, आणि पुढची निविदा मुदत संपण्याच्या सहा महिने आधी काढा. करार संपला तरी नोंदलेल्या शेवटच्या रुग्णाचा उपचार संपेपर्यंत त्याच संस्थेला त्याच दराने काम करू द्या. ही एक ओळ करारात घालायला जादा पैसा लागत नाही. सुरुवातीला दोन महिन्यांच्या खर्चाइतका आगाऊ हप्ता द्या. बिलाची पडताळणी 30 दिवसांत झाली नाही तर ठरावीक हिस्सा आपोआप सुटू द्या, उरलेला तपासणीनंतर. दरात नोंदीचा वाटा कमी करून घरच्यांची तपासणी आणि प्रतिबंधक औषधाचे पूर्ण डोस यांचा वाटा वाढवा. मधल्या महिन्यांची खिंड जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून लढवता येईल का, हे पालकमंत्र्यांनी पाहावे.

आपल्या जिल्हा वार्ताहरांनीही दोन तारखा मागवाव्यात: यंदा भागीदारीचा पहिला हप्ता जिल्ह्यात कधी आला, आणि संस्थेचे शेवटचे बिल कधी चुकते झाले. माहिती अधिकारात त्या मिळतात.

– क्षयरोग नियंत्रणाच्या कामातील काही वाचक, सोलापूर